हात खाली

"हात खाली," मी म्हटलं. "तोंडानं सांग."

चेलना माझ्या टेबलाला टेकून उभी होती. साडेपाच वर्षांची, पण उंची तीन-साडेतीन वर्षांच्या मुलीएवढी. तिनं उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर दोनदा आपटली, मग पाचही बोटं जुळवून ओठांशी नेली. पुन्हा मनगट, पुन्हा ओठ.

माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात एका लेडीज घड्याळाचा काटा. मी काटा ठेवला, भिंग काढलं आणि तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात धरले. तिचे हात मऊ होते, सैल. धरायला जोर लागत नसे.

"बोल. काय पाहिजे? पाणी? म्हण, पा-णी."

तिनं हात सोडवायचा प्रयत्न केला. घशातून एक आवाज काढला, शब्द नव्हता तो. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी सोडलं तशी आत निघून गेली. भिंतीवर साडेनऊ झाले होते. मी घड्याळ बघितलं ते दहाला गिऱ्हाईक येणार होतं म्हणून.

विट्यात आमचं घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत टेबल, मागं दोन खोल्या. पुढच्या खोलीत दिवसभर टिकटिक, आणि मागं ती लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, अजून न बोलणारी मुलगी. तिला डाऊन सिंड्रोम आहे हे जन्माच्या चौथ्या दिवशीच कळलं होतं. त्यानंतर मी ज्याला त्याला एकच विचारत असे, बोलेल ना?

वासंतीनं, माझ्या बायकोनं, तो प्रश्न विचारायचा सोडला होता. दर मंगळवारी नि शुक्रवारी ती चेलनाला घेऊन नगरपालिकेच्या शाळेतल्या मागच्या खोलीत जायची. तिथं शैलजा फडतरे नावाच्या बाई अशा आठ मुलांना शिकवायच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांची पद्धत मला विचित्र वाटे. बोलणं यायच्या आधी त्या वाचायला शिकवत. जाड पुठ्ठ्यावर एकच शब्द मोठ्या ठळक अक्षरात लिहायचा, 'दूध'. शेजारी तसाच दुसरा पुठ्ठा. आधी सारख्याला सारखं जोडायचं, मग चार पुठ्ठ्यांतून 'दूध' काढून द्यायचं, आणि प्रत्येक वेळी हातानं त्याची खूण करायची. "या मुलांचे कान उशिरा धरतात, दादा," बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "पण डोळे लवकर धरतात. शब्द बघितला की टिकतो. ओठांवर यायचा तेव्हा येईल. तोवर हातात असू दे."

मला ते पटत नव्हतं. हातानं काम भागलं तर जीभ कशाला हलेल? आणि रस्त्यात ती हातवारे करायला लागली की लोक थांबून बघत. तेही मला नको होतं, खरं सांगायचं तर.

त्यात गावातल्या एका बालवाडीच्या बाईंनी मार्चमध्ये मला सांगितलं, "पाच शब्द स्पष्ट बोलली तर घेऊ. खुणा करणारं मूल आमच्या शिक्षिकांना कसं कळणार?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी बोलावलं. मी घरी आलो, पुठ्ठ्यांचा डबा कपाटावर ठेवला आणि वासंतीला सांगितलं, सोमवारपर्यंत खुणा बंद, क्लासही बंद. ती म्हणाली, "फडतरे बाईंना विचारलं असतं." मी म्हटलं, "पोरगी बाईंची नाही."

मी सांगतोय तो गुरुवार, त्या सोमवारच्या आधीचा.

बाराच्या सुमाराला आतून वासंतीनं हाक मारली. चेलना दुधाचा पेला ढकलून देत होती. एक घोट आत गेला तो लगेच बाहेर आला, फ्रॉकवर.

"सकाळपासून खायची वेळ झाली, खायची वेळ झाली असं करतेय," वासंती म्हणाली, "आणि तोंडाशी नेलं की खात नाही."

मनगटावर बोटं म्हणजे घड्याळ, ओठांशी बोटं म्हणजे खाणं, हे वासंतीला ठाऊक होतं. तिनं त्याचा अर्थ लावला जेवायची वेळ. मला तर तेवढंही ठाऊक नव्हतं.

"ताप आहे का?"

"नाही. पण लाळ बघा किती गळतेय."

तिची लाळ एरवीही थोडी गळायची. ही वेगळी होती. हनुवटीवरून धार लागली होती आणि गिळायची वेळ आली की ती मान पुढं काढून डोळे मिटत होती. आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी घसा बघितला, छाती तपासली, घसा लाल आहे म्हणाले. औषध दिलं. ते घरी येऊन पाजलं तर तेही परत आलं, आणि त्याच्याबरोबर एक तपकिरी रेघ.

वासंतीनं ते पुसलेला रुमाल मला दाखवला.

"औषधाचा रंग असेल," मी म्हटलं.

"औषध गुलाबी आहे."

चेलना जमिनीवर बसली होती, पाय पसरून, भिंतीला पाठ लावून. रडत नव्हती. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं आईकडं बघितलं, हात उचलला, आणि मग माझ्याकडं बघून तो खाली ठेवला. मी ते पाहिलं. वासंतीनंही पाहिलं.

ती उठली, फोनपाशी गेली आणि फडतरे बाईंचा नंबर फिरवला. मी अडवलं नाही.

बाई वीस मिनिटांत आल्या. स्कूटर लावून आत येता येताच त्या जमिनीवर बसल्या, चेलनाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून. तिच्या हनुवटीवरची लाळ पदरानं पुसली.

"तिला विचारलंत का, काय होतंय?"

"कशानं विचारणार बाई," वासंती माझ्याकडं न बघता म्हणाली. "घरात हात बंद आहेत."

बाईंनी मान वर केली. त्या रागावतील असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, कार्डं कुठं आहेत?"

मी स्टूल ओढून कपाटावरचा डबा काढला. बारा दिवसांत त्यावर धूळ साचली होती. डबा खाली ठेवला, पण झाकण मला पटकन उघडेना. मी दिवसभर चिमट्यानं केसाएवढे स्क्रू उचलणारा माणूस.

बाईंनी आधी खुणेनं विचारलं. चेलनानं माझ्याकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "बाबा रागावणार नाहीत," आणि मीही मान डोलावली. मग तिनं हात उचलले. मनगट, ओठ.

"जेवायची वेळ झाली म्हणतेय," वासंती म्हणाली. "सकाळपासून हेच."

"असेल. नसेलही," बाई म्हणाल्या. "दोन खुणांचे चार अर्थ होतात. कार्डावर बघू."

त्यांनी डब्यातून एक लांब पुठ्ठा काढला. त्यावर तीन रिकाम्या चौकटी. फेब्रुवारीपासून त्या तिला तीन शब्दांचं वाक्य शिकवत होत्या, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या चौकटीत त्यांनी 'चेलना' ठेवलं, तिसऱ्या चौकटीत 'खाते', आणि मधल्या चौकटीत 'पोळी'. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग चेलनाकडं बघून भुवया उंचावल्या, असंच ना?

चेलनानं 'पोळी' उचललं आणि बाजूला टाकलं.

उरलेली कार्डं बाईंनी तिच्यापुढं पसरली. केळं, दूध, बस, घड्याळ, कुत्रा, पाणी. तिनं वाकून एकेक बघितलं. लाळेचा थेंब 'बस'वर पडला. तिनं 'घड्याळ' उचललं आणि मधल्या चौकटीत ठेवलं.

"घड्याळ नाही गं," वासंती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "बाई, तिला बरं नाही, तिला सुचत नाहीये."

बाईंनी घड्याळ काढून तिथं 'केळं' ठेवलं. चेलनानं केळं काढलं, 'घड्याळ' शोधलं, पुन्हा ठेवलं आणि त्याच्यावर तळहात आपटला. मग मनगट. मग ओठ. मग तिनं छातीच्या वर, गळ्याच्या खळग्यात बोट खुपसलं.

"ही चूक नाही," बाई हळू म्हणाल्या. "दोनदा तेच. ती जेवायची वेळ म्हणत नाहीये. चेलना घड्याळ खाते म्हणतेय. घड्याळाचं काही तिच्या हाताला लागतं का, दादा?"

घड्याळात घालायच्या सेलचं कार्ड तिच्याकडं नव्हतं. माझ्या टेबलावरचं सगळं तिच्यासाठी घड्याळच होतं.

मी पुढच्या खोलीत गेलो. सकाळी नऊला मी एका सराफाच्या छोट्या वजनकाट्याचा सेल बदलला होता. घड्याळाचे सेल मसुराएवढे असतात. हा जुन्या रुपयाएवढा. जुना सेल काढून मी पितळी ताटलीत ठेवला होता. ताटलीत काट्याचं झाकण होतं आणि एक स्क्रू होता. सेल नव्हता. मी टेबलाखाली बघितलं, खुर्चीखाली बघितलं, डबे उलटे केले. तो तिथं नाही हे मला ताटली बघताच कळलं होतं, तरी मी शोधत राहिलो.

"सेल आहे," मी आत येऊन म्हटलं. "एवढा."

मी बोटांनी गोल करून दाखवला. वासंती त्या गोलाकडं बघत राहिली.

पुढची सगळी सूत्रं बाईंनी हलवली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काही पाजू नका, इथं थांबू नका, सरळ मिरज गाठा. शेजारच्या अन्वरनं जीप काढली. बाईंनी मिरजेच्या हॉस्पिटलला फोन करून आम्ही निघाल्याचं कळवलं. डबा त्यांनी वासंतीच्या पिशवीत टाकला. पावणेतीन झाले होते.

विट्याहून मिरज दीड तास. अन्वर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. चेलना वासंतीच्या मांडीवर, तोंड बाहेरच्या बाजूला. तासगाव ओलांडताना तिला उलटी झाली, आणि या वेळी तिच्यात रक्त होतं. बारीक, काळपट. वासंती ते स्वतःच्या पदरात घेत होती आणि सारखं एकच पुटपुटत होती, "थोडा वेळ, बाळा, थोडा वेळ."

मी पुढच्या सीटवर बसून मनाशी तास मोजत होतो. साडेनऊ ते साडेदहा एक. साडेदहा ते साडेअकरा दोन. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

एक्स-रे तिथं पोचताच काढला. डॉक्टर तरुण होते, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. चेलनाच्या छातीच्या वरच्या भागात एक पांढरा गोल होता, आणि त्याच्या कडेला आतून दुसरी फिकट गोल रेघ.

"नाणं असतं तर एकच कड दिसली असती. सेलच आहे," ते म्हणाले. "अन्ननलिकेत अडकलाय. तो नुसता अडकत नाही, लाळेत भिजला की आतून जाळतो. लगेच काढतोय. एक सांगा, कधी गिळला?"

"बाराच्या सुमाराला," वासंती म्हणाली. "तेव्हा पहिल्यांदा दूध उलटलं."

"म्हणजे चार-सव्वाचार तास." ते लिहायला लागले. मग थांबले. "नक्की ना? कारण चार तास वेगळे आणि सात तास वेगळे. जास्त वेळ झाला असेल तर आत भोक पडलेलं असू शकतं. तशी तयारी ठेवून जावं लागेल, छातीचे सर्जन बोलवावे लागतील. अंदाजानं सांगू नका."

वासंती गोंधळली. "मी स्वयंपाकघरात होते. बाराच्या आधी मला तरी..."

कागदावर बारा लिहिलेलं मला दिसत होतं. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळणार नव्हतं. जीपमध्ये दीड तास मी हेच ठरवत आलो होतो, की कुणाला कळणार नाही.

"साडेनऊ," मी म्हटलं. "साडेनऊच्या आधी."

"तुम्ही बघितलं?"

"नाही."

"मग कशावरून?"

"तिनं मला सांगितलं होतं."

डॉक्टरांना वाटलं मी दुःखानं काहीतरी बोलतोय. "ती बोलत नाही म्हणालात ना?"

"हातानं सांगितलं होतं. घड्याळ, खाल्लं. ताबडतोब येऊन सांगितलं. मी तिचे हात धरून ठेवले."

मी ते करूनही दाखवलं, का कोण जाणे. हवेत दोन मनगटं धरल्यासारखी मूठ वळली. डॉक्टरांनी बारा खोडून साडेनऊ लिहिलं, आतल्या माणसाला सर्जनना बोलवायला सांगितलं आणि ट्रॉली ढकलत नेली. दार मिटताना चेलनाचा एक पाय दिसला, पैंजण काढलेला.

आम्ही बाकावर बसलो. मध्ये एका माणसाची जागा सोडून. वासंतीनं विचारलं.

"घरी का नाही सांगितलंत? बाईंनी कार्ड लावलं तेव्हा तरी?"

"लाज वाटली."

"लाज वाटायला वेळ होता तुम्हाला," ती म्हणाली. मग ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

सहा वाजता डॉक्टर बाहेर आले. सेल एका बाटलीत होता, एक बाजू काळी पडलेली. आत खोल भाजलं होतं, पण भोक पडलं नव्हतं, कागदाएवढं अंतर उरलं होतं, असं ते म्हणाले. सर्जन शेजारी होते म्हणून त्यांनी तो घाई न करता, न ओढता काढला. चार तास समजून गेलो असतो तर ओढला असता, असंही म्हणाले. त्यांनी ते मला दिलासा द्यायला सांगितलं असावं. मला तो घेता आला नाही, आजही येत नाही.

पुढं काय झालं ते सांगून टाकतो. एकोणीस दिवस आम्ही तिथं होतो. जखम भरताना अन्ननलिका आवळली, ती रुंद करायला अकरा वेळा मिरजेला न्यावं लागलं. सोमवार आला आणि गेला, त्या बालवाडीत आम्ही गेलो नाही. दोन वर्षांनी तिला फडतरे बाईंच्याच ओळखीनं दुसऱ्या शाळेत घेतलं, तेव्हा तिला सव्वाशे शब्द वाचता येत होते. बोलायला ती सातव्या वर्षी लागली. खुणा करत असतानाच, मध्येच कधीतरी. आता ती वीस वर्षांची आहे. कडक पदार्थ अजून पाण्याबरोबर खाते, आणि घाईत असली की अर्धं वाक्य तोंडानं आणि अर्धं हातानं बोलते.

पण मला नेहमी आठवते ती सेल काढल्यानंतरची, दुसऱ्या दिवशीची दुपार.

वासंती खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपली होती. बाकावरच्या त्या वाक्यानंतर ती माझ्याशी शब्दही बोलली नव्हती. चेलनाच्या नाकात नळी होती, उजव्या हाताला फळी बांधून सलाईन लावलेलं. आठवडाभर तोंडानं थेंबही द्यायचा नाही असं सांगितलेलं. तिनं डोळे उघडले आणि मोकळा डावा हात वाटीसारखा करून ओठांना लावला.

हे मलाही कळलं. पाणी.

"नाही बाळ," मी म्हटलं. "आत्ता नाही."

तिनं पुन्हा वाटी केली. माझं तोंड हलत होतं, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. वासंतीला उठवावं असं वाटलं, पण तीस तासांनी तिचा डोळा लागला होता. मला एक खूण माहीत होती, ती घरात रोज बघत होतो म्हणून. गॅस पेटलेला असला की वासंती तळहात पालथा करून दोनदा खाली दाबायची. थांब.

मी तळहात पालथा केला आणि दोनदा खाली दाबला.

चेलना माझ्या हाताकडं बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडं, मग पुन्हा हाताकडं. मी हातानं काही म्हणू शकतो ही तिच्यासाठी बातमी असावी. तिनं वाटी केली. पाणी. मी दाबलं. थांब. तिनं वाटी मोठी केली, कोपरापासून हात हलवून. पाणी. मी थांब. असं किती वेळ चाललं कोण जाणे. ती चिडली होती. भुवया जवळ आल्या होत्या आणि सलाईनची नळी हलत होती. पण तिनं हात खाली ठेवला नाही.

मग तिनं पद्धत बदलली. बोट माझ्याकडं केलं. मग वाटी ओठांना. मग खाटेखालच्या माझ्या बाटलीकडं बोट. पुन्हा मी, पुन्हा वाटी. मी बाटली उचलून पाठीमागं लपवली. तिनं मान जोरानं हलवली. बघितलंय मी, असं.

"काय म्हणतेय?" खालून वासंतीचा आवाज आला. ती कधीपासून जागी होती कुणास ठाऊक. तिला दिसत होतं काय चाललंय ते. ती मला विचारत होती.

"म्हणतेय, बाबा प्यायले, मग मला का नाही."

"मग?"

"मग काय. बरोबर आहे तिचं."

"तसं सांगा की तिला."

मी चेलनाकडं बघितलं. ती उत्तराची वाट बघत होती.

"बरोबर कसं करतात?" मी विचारलं.

वासंती उठून बसली. चटईवरून सरकत खाटेपाशी आली, माझा उजवा हात तिनं स्वतःच्या हातात घेतला, आणि एकेक बोट धरून ते कसं वळवायचं ते दाखवायला लागली.